ओ देणाऱ्याला चहा

नुसता फलक टांगला की जाहिरात झाली, हे दुर्गाला कधी पटलं नाही. माणसाकडून काहीतरी करून घ्यावं, म्हणजे मालाचं नाव त्याच्या डोक्यात बसतं. सिल्वासाच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहून विटलेली ही धुळ्याकडची पोर कंपन्यांचे असले कार्यक्रम जुळवायला लागली. पहिलंच मोठं काम चहा कंपनीचं. ते फसलं असतं तर पुन्हा पॅकिंगची रांग.

कल्पना झकास होती. खानवेलच्या बाजारात गिऱ्हाइकानं माईकवरून आपल्या माणसाला हाक मारायची. त्यानं ओ दिली की दोघांना गरम चहा. पण कंपनीचे प्रथमेशसाहेब म्हणाले, "संध्याकाळी ठेवा. दिवे लागले की व्हिडिओ छान येतो." दुर्गानंही मान डोलावली. इथंच गाडं अडलं.

हाका जात होत्या, ओ कुणीच देईना. बायांनी तोंडाला पदर लावलेले. भाजीवाली तानूबाई तिच्याच मुलखातली. ती जवळ येऊन कुजबुजली, "दिवे लागाच्या वक्ताले एका हाकेले ओ देत नसता, बाई. कोन हाका मारी राह्यलं, काय भरोसा?"

साहेब घड्याळ बघायला लागले.  माईक हिसकावून दुर्गानं हाक मारली, आणि तोंडून निघून गेलं धाकट्या भावाचं नाव, जो तापात गेला होता.

"समाधाऽन!"

"ओ, ताई!"

बाजाराच्या कडेला असलेल्या चिंचेकडून. सगळा बाजार मागे वळला. चिंचेखाली कुणी नव्हतं. साहेबांनी मात्र टाळ्या वाजवल्या. "मस्त! माणूस लपवून ठेवला होतात? प्रत्येक बाजारात हेच करायचं."

काम पक्कं झालं. अथालच्या बाजाराला तीच ओ गर्दीतून आली. वासोण्याला पहिल्या रांगेतून. काल सिल्वासात तर अगदी पाठीशी, आणि पाठीमागे नुसता कंपनीचा पडदा. दुर्गाच्या मानेवर गार श्वास लागला.

आई फोनवर ओरडली, "सोड ते काम, पोरी! आग लागो त्या चहाले!"

दुर्गानं पुढच्या बाजाराला होकार कळवला. भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोला. पण एक भीती त्याहून मोठी होती. आपण हाक मारली आणि तो आलाच नाही तर?