शिडीमामांच्या डोक्यातली वाट

शिडीमामा जमिनीवर कमी आणि शिडीवर जास्त राहिलेला माणूस. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली. घडीच्या शिडीवर दोन्हीकडे पाय टाकून बसायचे आणि खाली न उतरता, कमरेला झटके देत, शिडीलाच चालवत भिंतीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे. खाली उतरणं त्यांना कमीपणाचं वाटे.

अशा माणसाला गेले आठ महिने सपाट जमिनीवर चक्कर येत होती. फरशी डुलायची, मामा झोकांड्या खायचे. बिचाऱ्यांनी आयुष्यात चहापलीकडे काही घेतलं नव्हतं, पण शेजारीपाजारी काढायचा तो अर्थ काढून मोकळे झाले होते. मामांना त्याचं काही नव्हतं. पुन्हा शिडीवर चढता येईल का, एवढाच त्यांच्या जिवाला घोर.

"तोल सांभाळणाऱ्या, पाय चालवणाऱ्या नसांच्या वाटा असतात. त्यांचे फोटो काढू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाट तुटलेली निघाली, तर मात्र शिडी विसरायची."

फोटोची तऱ्हा न्यारी होती. मोठ्या गोल मशीनच्या पोटात निजायचं, तसूभरही हलायचं नाही, आणि कानात "चाला" असं ऐकू आलं की फक्त मनात चालायचं. झोपल्या झोपल्या फिरायला जायचं म्हटल्यावर मामा खूश झाले. त्यांना आत सरकवतानाच हसू फुटलं.

पहिला फोटो पुसट आला. दुसराही तसाच. मशीन चालवणाऱ्याने कपाळाला हात लावला.

"मामा, कमर हलतेय तुमची."

"मग शिडी कशी पुढे जाणार?"

"शिडी कशाला? जमिनीवर चाला ना."

"चालतो हो. पण चार पावलं टाकली की शिडी आडवी येते, आणि मी तिच्यावर असतो."

आता एकच संधी उरली होती. पुढचा नंबर थेट तीन महिन्यांनी. मामांचं हसू मावळलं. तेवढ्यात बाहेर बसलेली मामी दारातून डोकावली.

"त्यांच्या हातात रंगाची बादली द्या. काठोकाठ भरलेली. आणि खाली घरमालकाचा नवा कोरा गालिचा अंथरा."

मशीनवाला तिच्याकडे बघतच राहिला.

"मनातल्या मनात हो," मामी म्हणाली.

मशीन ठणठण वाजू लागलं. "चाला." मामा निघाले. बादली भरलेली, गालिचा पांढराशुभ्र. मामांचा केससुद्धा हलला नाही. "थांबा" ऐकल्यावर आतून बारीक आवाज आला, "बादली खाली ठेवू का?" मशीनवाला हसून हसून टेबलावर आडवा झाला.

आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. डोक्यातून खाली निळ्या, हिरव्या, लाल रेघा उतरत होत्या.

"रंगाचा हात चांगला आहे. कुठे ओघळ नाही," मामा म्हणाले.

"वाट सलग आहे, मामा. दोष फक्त उजव्या कानातल्या तोलाच्या नसेत आहे. रोज व्यायाम करा. शिडी मिळेल, पण पहिल्या पायरीपासून."

मामा आधी हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम करू लागले. मामीने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. दवाखान्याच्या बोळकंडीतून ते डुलत डुलत निघाले, आणि मामी दोन्ही हात पसरून मागे. दहाव्या पावलाला खांदा भिंतीला घासला. मामा थांबले, भिंतीवरून तळवा फिरवला आणि मान वर करून छतापर्यंत बघत म्हणाले,

"हिला दोन हात लागतील."