मंगलच्या नावावर खपवलेलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथं मी भलतंच काहीतरी मागत राहिले. वाचणारी जी कुणी असशील, तुला लिहून सांगते. आणि आधीच बजावते — ‘लहान होतीस गं तेव्हा’ असं म्हणायचं नाही. मी अठरा वर्षांची होते. आणि गेल्या हिवाळ्यात तर चांगली चोपन्न वर्षांची होते.

गेल्या हिवाळ्याचं आधी सांगते. कनेरगाव नाक्यावर सुलभाचा ढाबा आहे, नवराबायको मिळून चालवतात. वसतिगृहातल्या आम्ही चौघी जुन्या मैत्रिणी तिथं जमलो. येताना प्रत्येकीनं आपलं आवडतं पुस्तक आणायचं, असं ठरलं होतं. आधी गुडघे झाले, सुना झाल्या, कुणाचा नवरा गेला ते झालं, मग पुस्तकं निघाली. मी चारचौघींत बरं दिसेल असं एक जाडजूड नेलं होतं — निम्मंसुद्धा वाचलेलं नव्हतं. सुलभानं गल्ल्याखालून एक कादंबरी काढली. पुठ्ठा नाही, पानं दोऱ्यानं शिवलेली. समुद्रकाठच्या शाळेत एकट्या राहणाऱ्या एका बाईंची गोष्ट. वसमतच्या वसतिगृहात ती आम्ही तिघींनी आळीपाळीनं वाचली होती — सुलभा, मी आणि मंगल. समुद्र तिघींपैकी एकीनंही पाहिला नव्हता.

“गिऱ्हाईक नसलं का वाचत बसते,” सुलभा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “निमे, मंगलनं तसं काहून केलं असंल गं?”

मंगल तिथं नव्हती. तिला कुणी बोलावतच नाही.

आता ‘तसं’ म्हणजे काय ते सांगायला हवं — आणि बघ, मी पुन्हा चहा ठेवायला उठले. बसते.

बारावी झाली होती, वसमतलाच कॉलेजचं पहिलं वर्ष सुरू झालं होतं. सुलभानं घरी न सांगता परभणीला डी.एड.चा अर्ज केला. नंबर लागल्याचं पत्र वसतिगृहाच्या पत्त्यावर आलं, ते तिनं त्याच कादंबरीत दडवलं. पत्राचं माहीत कुणाला? मला आणि मंगलला. बाईंसारखं एकटीनं राहायचं, शाळा चालवायची — सुलभा रोज तेच बोलायची. मला अर्ज करायचीसुद्धा छाती झाली नव्हती. ही जाणार आणि मी इथंच राहणार. मला ते सहन होईना. मत्सर म्हणतात त्याला — दुसरा शब्द शोधत बसत नाही.

बाजाराच्या दिवशी सुलभाचे वडील शेरडं विकायला वसमतला आले होते. माझ्या आईच्या नात्यातले, मी त्यांना मामा म्हणायची. मी आपणहून त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

“परभणीला? कुणाला इचारून?” एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलायला आले. दोन महिन्यांत सुलभाचं लग्न झालं.

पण मी कबूल करते आहे ते हे नाही. ते याच्या पुढचं.

ट्रंक रिक्षात चढत होती तेव्हा सुलभानं माझा हात धरला. “मंगलनंच सांगितलं ना? तू तर आमची हायेस.”

मी म्हणाले, “व्हय.”

मान हलवली नाही, गप्प बसले नाही — तोंडानं स्पष्ट म्हणाले. का? कारण ते सोपं होतं. मंगल बंजारा तांड्यावरची. तिच्यावर ठपका ठेवला की पुरावा कुणी मागत नाही, हे मला अठराव्या वर्षी बराबर कळत होतं. मुलींनी तिच्या ताटाशेजारी ताट मांडणं बंद केलं. मीही केलं. दिवाळीनंतर ती वसतिगृहात परतलीच नाही, कॉलेजही सुटलं. आणि पुढच्या वर्षी परभणीच्या डी.एड.ला कोण गेलं? मी गेले. तीस वर्षं पगार घेतला, पोरांना ‘खरे बोलावे’ गिरवायला लावलं.

मंगल एकदाच भेटली, वारंगा फाट्यावर. ती अंगणवाडीवर होती, मी बसची वाट बघत होते. तिनंच हाक मारली. सुलभाची खुशाली विचारली, लेकरांचं विचारलं. मग म्हणाली, “मी न्हाई सांगितलं, मंग राहिलं कोण? एवढं मला तवाच समजलं होतं, निर्मला.”

“मग बोलली काहून नाहीस?”

“कुणापाशी बोलू? कोण ऐकून राहिलं होतं माझं?” तिची बस आली, ती गेली. मी तिच्या मागं चार पावलंसुद्धा टाकली नाहीत.

म्हणजे ढाब्यावर सुलभानं विचारलं तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मंगलला माहीत आहे, हेही ठाऊक होतं. आणि मी काय म्हणाले? “जाऊ दे गं, जुनं झालं.” वर तिच्या हातची भाकरी आणखी अर्धी मागून घेतली. चोपन्न वर्षांची बाई!

मी रडणार नाही. रडले की लोक पाठीवरून हात फिरवतात, आणि तो हात मला नको. सुलभा सुखात आहे, मंगलचं बरं चाललंय, असलं मला समजावू नकोस. त्या कशा जगल्या ती त्यांची कमाई. त्यात माझं काही नाही.

आम्हा मैत्रिणींचा फोनवर एक ग्रुप आहे. आज सकाळी मी मंगलला फोन केला, ग्रुपमध्ये घेते म्हणाले. कोण कोण आहे त्यात, ते तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, “घे.” घेतलं. आता हेच लिहिलेलं, एक अक्षर न गाळता, तिथं टाकते आहे. वाचून कुणाला ग्रुप सोडायचा असेल तर त्यांनी सोडावा.

मी सोडणार नाही. जे बोलतील ते वाचत बसेन.