साडेबारा हजार किलोमीटर आणि एक झाडू

मुंबई ते टोरंटो हे हवाई अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि ते संपेपर्यंत आमच्या घरात झाडू लागला नाही.

आमची प्राजक्ता शिकायला टोरंटोला निघाली होती. आमच्या घराण्यात ओझरच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेरून विमान बघितलेले पुष्कळ. आत बसणारी ही पहिलीच! नाशिकमध्ये द्वारकेला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तिथे पाना घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही मी आधी अंतर सांगायचो. (पाना नंतर.) वर आमंत्रण, "घरी या की पेढे खायला!"

सकाळी पोरीला ओवाळलं, हातावर दही ठेवलं. मामाच्या गाडीतून ती मुंबईकडे निघाली. (गाडीत तिच्या बॅगा बसल्या, त्यामुळे आम्ही राहिलो.) बायकोने झाडू उचलला, तोच मुद्दाम निफाडहून आलेली माझी आई कडाडली, "ठेव तो खाली! पोर पोचस्तोवर झाडायचं नाय!"

"अगं आई, ही पद्धत निफाडहून नाशिकला जायच्या काळातली. माणूस तासाभरात पोचायचा!"

"मग, पोचल्यावर झाडायचोच की!"

बायकोने झाडू कोपऱ्यात ठेवला.

अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या खाली पडलेल्या होत्याच. दुपारपासून पाहुणे लोटले. जो तो दारातच विचारी, "कुठवर पोचली?" मी हातवारे करून अंतर समजावलं, त्यात चिवड्याची परात उलटली. काकांनी आणलेल्या पेटीतली द्राक्षं घरंगळली आणि नेमकी पायांखाली गेली. पेढ्यांच्या चुऱ्याला मुंग्या लागल्या. त्यात मधल्या विमानतळावर बर्फ पडून प्राजक्ताचं पुढचं विमान अडकलं!

शेजारच्या वहिनींना आमची दया आली. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनर आणून चालू केला. आई कानावर हात ठेवून ओरडली, "बंद कर! इमानावाणीच आवाज करतंय. लय जोखीम!"

दुसऱ्या दिवशी बायकोचा धीर सुटला. "चपला जमिनीला चिकटतायत! मी झाडणार." पण झाडू जागेवर नव्हता.

"आई, कुठे लपवलात?"

"म्या नाय बा!"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. झाडू माळ्यावर होता. मीच ठेवला होता. (मी बी.एस्सी. आहे.) खरं सांगतो, अभिमानाने छाती फुगली होती, पण आत काळीज धडधडत होतं. एवढं अंतर आणि एवढीशी पोर!

तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला. "बाबा, पोचले!" मी बोलणार, एवढ्यात तीच म्हणाली, "तुमच्या मागे ते काय आहे? घरात चोर शिरले होते का?"

आईने देवाला हात जोडले, आणि बायकोने झाडू माझ्या हातात दिला. "आमंत्रणं तुमची, लपवालपवीही तुमची. घ्या!"

मी सोफ्याखाली अर्धा शिरलो असताना पान्याचं गिऱ्हाईक पेढे खायला दारात हजर. "काय शेठ, कुठवर पोचली?"

"पोरगी टोरंटोला पोचली!" मी सोफ्याखालूनच अभिमानाने सांगितलं. "बाप अजून दिवाणखान्यातच आहे!"