लोव्रो सुलेन्ताचा दुजोरा

आमच्या वाइमोआ गावच्या बोर्डावर, म्हणजे आमच्या पंचायतीवर म्हणा ना, माणसं पाच. त्यातली चार दर निवडणुकीला बदलतात, नाहीतर कंटाळतात. पाचवा लोव्रो सुलेन्ता. तो बदलत नाही, आणि कंटाळा म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

लोव्रो जन्मभर दुधाचा टँकर चालवायचा. ताडमाड उंच, कान सुपासारखे, आणि बोलणं इतकं कमी की टँकरमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला झोप लागावी. त्याचा बाप समुद्रापलीकडच्या डाल्मेशियाहून आलेला, जमिनीत गाडलेला जुन्या झाडांचा डिंक खणायला. पुढे त्यानं टेकडीवर द्राक्षं लावली. आमच्या माओरी लोकांत आणि त्यांच्यात तेव्हापासून येणंजाणं. आम्ही बोय मासे धुरावून द्यायचो, ते वाइन द्यायचे. त्या देवाणघेवाणीत कुणाचंच नुकसान झालं नाही, डोकं तेवढं दुखायचं.

मी हॉलच्या स्वयंपाकघरात बोर्डाचा चहा करते. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये एक खिडकी आहे, कपबश्या सरकवायला. सभा चालू असताना ती बंद ठेवावी असं म्हणतात. तिची बिजागरी गंजली आहे. मी तेल घातलेलं नाही.

त्यामुळे बोर्ड कसं चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथं कुणालाही एकट्यानं काही मांडता येत नाही. एकानं विषय मांडायचा, दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा, मग चर्चा, मग हात वर. दुजोरा मिळाला नाही तर विषय जागच्या जागी मेला. कुणी वाईट म्हणत नाही, कुणी चांगलं म्हणत नाही. अध्यक्षीणबाई चष्मा सावरतात आणि म्हणतात, "पुढचा विषय." मांडणारा माणूस तोंड उघडं टाकून बसलेला असतो, तो तसाच राहतो.

लोव्रो बोर्डावर आला आणि ही पद्धत बंद पडली. कारण कुणीही काहीही मांडलं की टेबलाच्या टोकाकडून आवाज यायचा, "माझा दुजोरा." सार्वजनिक संडासाला जांभळा रंग द्यावा, दुजोरा. धक्क्यावर सिमेंटचा दोन पुरुष उंचीचा मासा उभारावा, दुजोरा. मासा मांडणारी बाई तर आनंदानं रडायच्या बेतात आली होती. मग चर्चा झाली, मतं मागितली, आणि लोव्रोनं विरोधात हात वर केला.

"अरे, आत्ता तर दुजोरा दिलास की!" ती बाई किंचाळली.

"दुजोरा म्हणजे तू बोल, मी ऐकतो," लोव्रो म्हणाला. "हात म्हणजे माझं मत. मासा फार कुरूप आहे गं."

त्याची बायको मिल्का जिवंत होती तेव्हा सगळ्यांना सांगायची, "लग्नाचा विषयसुद्धा मीच मांडला होता. यानं नुसता दुजोरा दिला." मग लोव्रोकडे बघून म्हणायची, "हात कुठल्या बाजूला वर केलास ते अजून सांगितलेलं नाहीस हं." तो कानापर्यंत लाल व्हायचा. आणि ते कान काही जवळ नव्हते.

हे दुजोऱ्याचं खूळ कुठून आलं ते त्यानं मला एकदाच सांगितलं, मिल्का गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी, मी तळलेला पाव घेऊन गेले होते तेव्हा. तो लहान असताना त्यांच्या टेकडीच्या वाटेवर ओढा होता. पावसाळी दिवसांत पोरांना शाळेला जाता यायचं नाही. बाप मोडक्यातोडक्या इंग्रजीत अर्ज घेऊन त्या वेळच्या बोर्डापुढे गेला, टोपी हातात घेऊन. एकानं साकवाचा विषय मांडला. दुजोरा कुणी दिला नाही. पुढचा विषय. घरी येताना बापानं विचारलं, "काय म्हणाले रे?" लोव्रो म्हणाला, "काहीच नाही म्हणाले." बाप सगळी टेकडी चढला. वर पोचल्यावर म्हणाला, "नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी भांडलो तरी असतो."

मिल्का गेल्यावर लोव्रोला उरला शार्को. मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा काळा-पिवळा कुत्रा, आता डोळ्यांत मोतीबिंदू झालेला, मागचे पाय लटपटणारे. सकाळी दोघं किनाऱ्यावर जायचे. मैदानापासून धक्क्यापर्यंत, आणि परत. दोन म्हातारे, सहा पाय, आणि त्यातले चारच जरा बरे. सभेला शार्को टेबलाखाली लोव्रोच्या बुटांवर झोपायचा. अंदाजपत्रकाच्या वेळी तो घोरायचा, आणि खरं सांगते, बोर्डातलं त्याहून प्रामाणिक मत मी दुसरं ऐकलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इमोजेन निवडून आली. ऑकलंडहून आलेली तरणी बाई, नवरा शिंपल्यांच्या शेतीवर कामाला, पदरात चार वर्षांची एडी. त्या साली जिल्हा कौन्सिलनं कुत्र्यांचं धोरण नव्यानं करायला घेतलं आणि प्रत्येक बोर्डाला विचारलं, तुमच्याकडे कुत्र्यांना कुठं बंदी हवी ते कळवा. आमच्याकडे अशी पत्रं आली की बोर्ड उत्तर देतं, "आहे ते ठीक आहे," आणि चहाबरोबर माझे पावासारखे स्कोन खातं. या खेपेला इमोजेननं विषय लिहून पाठवला. मैदानासमोरच्या किनाऱ्यावर कुत्र्यांना पूर्ण बंदी, आणि हॉलमध्येही.

विषयपत्रिका ठरते माझ्याच स्वयंपाकघरात. अध्यक्षीण नोएलीन आणि सभेची नोंद ठेवायला कौन्सिलकडून गाडी घेऊन येणारी बाई सभेच्या आधीच्या आठवड्यात बसतात आणि काय घ्यायचं, काय पुढं ढकलायचं ते बघतात. पत्रिका एकदा छापून दारावर लागली की त्यात नसलेल्या गोष्टीवर निर्णय घेता येत नाही. म्हणून नोएलीनला छपाईच्या आधीचा अर्धा तास फार प्रिय.

"हा कुत्र्यांचा पुढच्या वेळी घेऊ या," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी कौन्सिलची मुदत संपलेली असेल," कौन्सिलची बाई म्हणाली.

"तेच म्हणते मी."

"नोएलीनबाई, तिनं वेळेत दिलाय. घ्यावा लागेल."

"मग सगळ्यात शेवटी घाला. संडास, कुंपण, धक्क्यावरचे दिवे, सगळं झाल्यावर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुइनी, त्या दिवशी स्कोन गरम ठेव. तो विषय आला की वास सुटू दे."

"मी कशाला तुझ्या राजकारणात पडू?" मी म्हटलं. पण मनात मीठ-साखर मोजायला लागलेच होते. मलासुद्धा शार्को त्याच्या जागी हवा होता. अख्ख्या गावाला हवा होता.

बातमी फुटलीच. टुई, जिचं मच्छीचं दुकान आहे आणि जी बोर्डावर आहे, ती गिऱ्हाइकांना सांगत सुटली, "मांडू दे की. दुजोरा कोण देणार? मी नाही, मर्व्ह नाही, अध्यक्षीण तर देतच नाही." मर्व्ह म्हणजे गाईवाला, बोर्डावरचा आणखी एक सभासद. तोही गोठ्यात हेच सांगत होता. सगळ्यांचा हिशोब बरोबर होता. फक्त लोव्रोला कुणी विचारलं नव्हतं, कारण स्वतःच्या कुत्र्याच्या बाबतीत कुठला माणूस दुजोरा देईल?

सभेच्या दिवशी हॉल भरला. एरवी दोन माणसं येतात, त्यातलं एक तर नुसतं उन्हापासून सुटायला. संडास झाले, कुंपण झालं, दिवे झाले. मी ओव्हन उघडला. नोएलीननं वास घेतला आणि म्हणाली, "शेवटचा विषय. इमोजेन."

इमोजेननं कागद वाचला. टेबलाखाली शार्को कूस बदलत होता.

"दुजोरा?" नोएलीननं विचारलं. विचारतानाच तिचा हात पत्रिका मिटायला गेला होता.

टुई छताकडे बघत होती. मर्व्ह नखं बघत होता. इमोजेन खाली बघत होती, आणि तिची मान हळूहळू लाल होत गेली. मी खिडकीतून लोव्रोकडे बघितलं. तो टेबलाखाली वाकला होता. मला वाटलं, कुत्र्याला थोपटतोय, आणि मनात म्हटलं, गप्प बस बाबा, एकदा तरी गप्प बस. एवढं गप्प राहणं तुला जड नाही.

तो सरळ झाला. "माझा दुजोरा."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, म्हातारा सुधारायचा नाही."

"लोव्रो," नोएलीन हळूच म्हणाली, "विषय ऐकलास ना नीट?"

"ऐकला. अजून तिचं म्हणणं ऐकायचंय."

मग काय करणार? चर्चा घ्यावीच लागली. इमोजेननं सांगितलं की उन्हाळ्यात सुट्टीवर आलेल्यांचा एक दांडगा कुत्रा एडीच्या अंगावर आला, तिला वाळूत पाडून तोंडाशी भुंकत उभा राहिला. चावला नाही. पण तेव्हापासून पोरगी किनाऱ्यावर गाडीतून उतरत नाही. काचा वर करून बसते आणि इतर पोरं पाण्यात उड्या मारतात ते बघते. हॉलमध्ये शिशुवर्ग भरतो, तिथंही दारातून आत येत नाही. आत कुत्रा असतो हे तिला माहीत झालंय.

"हे बोलली का नाहीस कधी?" टुईनं विचारलं.

"मला कुणी विचारलं नाही," इमोजेन म्हणाली. "आणि मिस्टर सुलेन्ता, शार्कोबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो बिचारा..."

"बरोबर!" टुई उसळली. "शार्कोला सोडून बाकी सगळ्या कुत्र्यांना बंदी. तशी दुरुस्ती करा."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीसुद्धा झाऱ्यानं ओट्यावर वाजवलं.

"नको," लोव्रो म्हणाला. "नियमात नाव घातलं की उद्या मर्व्ह त्याचा बैल घेऊन येईल."

"माझा बैल तुझ्या कुत्र्यापेक्षा शिस्तीचा आहे," मर्व्ह म्हणाला, आणि सगळे हसले. मग मर्व्हच म्हणाला, "माझी नातवंडं पुढच्या महिन्यात यायचीत. धाकटी एडीएवढीच आहे." आणि त्यानं नखं बघणं थांबवलं.

अशी चर्चा बराच वेळ चालली. धक्क्यापलीकडचा तिवरांचा भाग कुत्र्यांना मोकळा ठेवावा, एवढी दुरुस्ती झाली. स्कोन गार झाले. मग हात. बाजूनं इमोजेन, टुई आणि मर्व्ह. विरोधात नोएलीन, आणि लोव्रो.

"कारण नोंदवायचं आहे का?" कौन्सिलच्या बाईनं लोव्रोला विचारलं.

"नोंदवा. मला माझा कुत्रा हवाय."

ठराव पास झाला. लोव्रो हरला. त्यानं स्कोन खाल्ला, एक कागदी रुमालात घालून शार्कोसाठी खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "कुइनी, मीठ जास्त झालंय."

इमोजेन स्वयंपाकघरात आली, कप पुसायच्या निमित्तानं. डोळे भरलेले. "आंटी, ते गप्प बसले असते तर जिंकले असते."

"हो गं बाई," मी म्हटलं. "आणि तू काचा वर करून बसली असतीस."

तेवढ्यात लोव्रो दारातून डोकावला. "तुझ्या पोरीला पोहता येतं का?"

"नाही अजून."

"मग आता शिकव. किनारा घेतलास, तो वापर तरी."

कौन्सिलनं आमची शिफारस जशीच्या तशी उचलली. आम्हाला वाटत होतं, कौन्सिलचं काम, शार्कोचं आयुष्य संपेपर्यंत होणार नाही. पण मेले नको तेव्हा चपळ असतात. पाटी लागली. आता लोव्रो सकाळी शार्कोला टँकरवाल्यांच्या जुन्या हातगाडीत घालून तिवरांपर्यंत नेतो, कारण तेवढं चालणं त्याला झेपत नाही. गाडीला नियम नाही, मी विचारून घेतलं. पण वाळूत चाक उतरू देत नाही तो. रस्त्यावरूनच जातो, पाटीकडे न बघता. एडी पाण्यात उतरते आता. गुडघ्यापर्यंत. लोव्रो रस्त्यावरून हात हलवतो, ती हलवत नाही, पण गाडीत पळूनही जात नाही.

सभेत त्यानं टेबलाच्या टोकाची, मिल्काच्या काळापासूनची खुर्ची सोडली. आता दाराशी बसतो. शार्को उंबऱ्याबाहेर, ओसरीवर. लोव्रोचा एक बूट आत, एक बाहेर, आणि बाहेरच्या बुटावर कुत्र्याचं डोकं. दार त्यामुळे सताड उघडं.

या थंडीत खाडीवरून असा वारा येतो की कागद उडतात, चहा कपात पडेपर्यंत निवतो. नोएलीन दोन कोट घालून बसते. मर्व्ह गोठ्यातली लोकरी टोपी घालून येतो. इमोजेन घरून घोंगडी आणते, अर्धी टुईच्या गुडघ्यांवर टाकते. सगळे कुडकुडतात, पण दार लावायचा विषय कुणी पत्रिकेवर घालत नाही. घालायची छाती कुणाला नाही. घातला तर दुजोरा द्यायला तो तयारच बसलाय.