पहिली वाटी

लेकीने डिजिटल काटा पाठवलाय. फोनवर म्हणाली, "आई, साखर वाढलीये तुझी. आता अंदाजाने नाही, मोजून खायचं. पन्नास ग्रॅम तांदूळ, बस्स." मी म्हटलं, "माझी वाटी काय खोटं बोलते?" पण काटा ठेवला ओट्यावर.

आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार, आणि वर आल्यागेल्याची एक मूठ. हे होते तेव्हा ती मूठ हमखास लागायची. वीजबिल वाटायला आलेल्यालासुद्धा हे म्हणायचे, "बसा हो, दोन घास खाऊन जा."

काट्याला मूठ कळत नाही. चिमूटभर जास्त पडलं तरी त्याचा आकडा हलतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. दार वाजतंय कुठे हल्ली?

आज माझ्या त्याच लहानशा वाटीने तांदूळ ओतला आणि सवयीने तोंडातून निघालं, "लाभ." काट्यावर बरोबर पन्नास आले. 'दोन' ओठांवर आलं होतं, ते तिथेच थांबवून मी डब्याला झाकण लावलं.

म्हटलं लाभ. होतं ते एकच.