डोळ्याचं प्रेशर नॉर्मल, तरी नजर कमी होत होती

"काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकवायची," बारामतीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. पप्पांचा डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. निरवांगीच्या शेतातली ढोबळी मिरची, मोटारसायकल, सगळं आता उजव्यावर होतं.

काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस, ऑप्टिक नर्व्ह, हळूहळू सुकते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. थेंब सुरू झाले, डोळ्याचं प्रेशर खाली आलं. मला वाटलं, सुटलो.

पण प्रत्येक व्हिज्युअल फील्ड तपासणीत कागदावरचा काळा भाग वाढलेला असायचा. या तपासणीत अंधाऱ्या खोलीत यंत्राला कपाळ टेकवायचं आणि उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाराबाहेर बसून बटणाचे आवाज ऐकायची. आवाज थांबला की माझा पाय हलायला लागायचा.

"बस की गं शांत. समदा बाक हालतुया," शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या.

शेवटी मॅडमनी चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र पप्पांच्या दंडाला बांधायला लावलं. दिवसाचे आकडे ठीक होते. झोपेतले फार खाली.

"बीपी इतकं उतरलं की नसेला रक्त पुरत नाही. मग डोळ्याचं प्रेशर नॉर्मल असूनही ती सुकू शकते. बीपीची गोळी कधी घेता?"

"झोपताना. एक," पप्पा म्हणाले.

दवाखान्यात कधीच न बोलणारी आई बोलली. "एक कुठली? दोन खात्यात. मोतीबिंदूच्या शिबिराला बीपी वाढलं म्हणून ह्यास्नी ऑपरेशनला नेणाऱ्या गाडीतनं उतरवलं, तवापासनं."

"समद्या गावादेखत उतरवलं," पप्पा खाली बघत म्हणाले. "पुन्यांदा तसं व्हायला नगं म्हणून."

"मग आता गेलं की बीपी पाताळात," आई म्हणाली.

मॅडम हसल्या नाहीत. "हेच एकमेव कारण आहे असं मी म्हणणार नाही. पण गोळी मनाने वाढवू नका आणि मनाने बंदही करू नका." त्यांनी फिजिशियनकडे पाठवलं. तिथे डोस कमी झाला, गोळी सकाळी घ्यायची ठरली.

पुढचे काही महिने मी पप्पांवर नजर ठेवून होते. त्यांचा उंबऱ्याला पाय लागला तरी मी धावत जायची. परवा तपासणी झाली. मॅडमनी जुना आणि नवा कागद शेजारी धरला.

"काळा भाग वाढलेला नाही."

"म्हंजी नजर आली व्हय माघारी?" पप्पांनी विचारलं.

"नाही. आहे तेवढी आहे."

तुमच्या घरात कुणाला काचबिंदू असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना बीपीच्या गोळ्यांबद्दलही सांगा. किती लिहून दिल्यात ते नाही, खरंच किती घेता ते. आणि आत जाताना खरं बोलणारं माणूस सोबत न्या.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी आई पप्पांच्या तळहातावर एक गोळी ठेवते आणि "आ करा" म्हणते. ते तोंड उघडतात आणि माझ्यावर डोळे वटारतात, "तू काय हसतीस?"

मी लांब दाराशी असते. तिथलं माझं हसू त्यांना दिसतं.