कार्बनवर राहिलेली ओळ

पडदा वर जातो. कोर्टाची टंकलेखनाची खोली: एक टेबल, एक डुगडुगती खुर्ची, खिडकीशी यंत्र आणि यंत्रापुढे माझी धाकटी नणंद. शिडशिडीत म्हणून कोर्टात सगळे तिला सुतळी म्हणत. मी वन्सं म्हणे. रंगमंचावर मी बारा राण्या केल्या, पण तिच्यासारखं ताठ बसणं मला एकदाही साधलं नाही.

तिला हाव एकच होती: टंकलेखन-प्रमुखाची खोली आणि दारावर आपल्या नावाची पाटी. ती कोर्टातल्या एका बड्या वकिलाने बरोबर ओळखली. त्याची सावली त्याच्याआधी दारातून आत येते, असं शिपाई सांगत. आम्ही हसायचो.

एका कारखान्याला आग लागून सात बाया आत होरपळल्या होत्या. आरोप आला पहारेकऱ्यावर. त्याने जबानी दिली, "मालकांनीच बाहेरून कुलूप लावायला सांगितलं." वन्संनी ती टंकली. तोच वकील मालकाचा होता; तो तिच्या कानाशी वाकला. "शेवटची ओळ गाळा, बाई. पाटी मी रंगवून घेतो." पहिला कागद त्याने स्वतः फाडला. यंत्रातला कार्बन विसरला; त्यावर ती ओळ उमटून राहिली होती.

पहारेकऱ्याला वाचता येत नव्हतं. जबानी वाचून दाखवून मगच अंगठा घ्यायचा, ही रीत. वन्संनी नवा कागद वाचला, पण त्यात नसलेल्या त्या ओळीसकट! "बरोबर लिहिलंत, ताई," म्हणत त्याने अंगठा उमटवला.

मालक सुटला. पहारेकरी तुरुंगातच वारला. पाटी लागली.

"वहिनी, तो मला ताई म्हणाला हो," एवढंच ती माझ्यापाशी बोलली. मग कार्बन कपाटात ठेवून तिने नऊ वर्षं दात धरून वाट पाहिली.

वकील न्यायाधीश व्हायला निघाला. शपथेचा कागद प्रमुखानेच टंकायचा असतो. तिने तोच कार्बन लावला आणि खालची प्रत त्याच्या हाती दिली. शपथविधीला मी पहिल्या रांगेत होते. त्याने तोंड उघडलं, आणि आवाज निघाला पहारेकऱ्याचा! "मालकांनीच बाहेरून कुलूप लावायला सांगितलं." त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आवाज थांबेना. "बरोबर लिहिलंत, ताई."

वन्सं उठल्या. मुख्य न्यायाधीशांपुढे त्यांनी कार्बन खिडकीच्या उजेडात धरला. शपथेच्या खाली जुनी ओळ लख्ख दिसत होती. आपला गुन्हाही त्यांनी खणखणीत सांगितला.

"मूर्ख बाई!" वकील फुत्कारला. "माझ्याबरोबर तूही आत जाशील!"

वन्संनी चष्मा पुसला.

"जाईन की, साहेब. कुलूप कुणी लावलं, तेवढं मात्र या वेळी लिहून घ्या."